सांधेदुखीच्या पुड्या, गुळवेल आणि सासूबाईंचा लिव्हरचा रिपोर्ट – प्लीज कोणीतरी सांगा

कोवळं_ऊन:

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला काही सुचवता येणार नाही म्हणून लिहिते.

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या. गुडघे गेली दहा वर्षं दुखतायत, रात्री कूस बदलली तरी कळ यायची. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या मैत्रिणीने कोणाकडून तरी पुड्या आणून दिल्या, शुद्ध जडीबुटी आहे, साइड इफेक्ट काही नाही असं सांगून. पांढऱ्या कागदाच्या पुड्या, आत मातकट रंगाची पावडर, वर ना नाव ना गाव, सकाळ-संध्याकाळ एकेक घ्यायची. खरं सांगते, तिसऱ्या दिवशी आई कठड्याला हात न लावता जिना उतरल्या आणि आम्ही सगळे इतके खूश झालो की त्यात काय आहे हे कोणी विचारलंच नाही. मीही नाही विचारलं, याचं आता फार वाईट वाटतंय.

मग हळूहळू चेहरा भरला, अगदी गोल झाला, येणारे-जाणारे म्हणायचे तब्येत सुधारली हं. पण हातापायाची कातडी इतकी पातळ झालीये की टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी जांभळा डाग पडतो आणि पंधरा दिवस जात नाही. शुगर आयुष्यात नव्हती, आता उपाशीपोटी २३६ आलीये. शिवाय गेले तीन महिने इम्युनिटीसाठी म्हणून रोज सकाळी गुळवेलीचा काढा, तो त्यांनी स्वतःच्या मनानेच सुरू केला. मागच्या आठवड्यात अन्नावरची वासनाच गेली, डोळे पिवळट दिसायला लागले म्हणून रक्त तपासलं तर लिव्हरला इजा झाली की वाढतं ते एसजीपीटी ४१२ आणि काविळीत वाढतं ते बिलिरुबिन ३.१, दोन्ही खूप जास्त. डॉक्टरांनी विचारलं औषधं कोणती चालू आहेत तर म्हणाल्या बीपीची एक गोळी, बाकी काही नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आई, पुड्यांचं का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "अगं ते काय औषध आहे का, झाडपाला आहे तो."

तर मला विचारायचंय की झाडपाल्याने लिव्हर खरंच एवढं बिघडू शकतं का? आणि उरलेल्या पुड्या मी आजच्या आज कचऱ्यात टाकू का? अजून एक गोष्ट मनात खटकतेय. मध्ये एकदा पुड्या संपल्या होत्या तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना, उलट्या, घाम, चक्कर, आणि पुडी पोटात गेल्यावर काही तासांत ठणठणीत. तेव्हापासून त्यांची खात्रीच झालीये की या पुडीशिवाय आपलं काही खरं नाही.

शाईदौत:

ताई, मी फार्मासिस्ट आहे, सतरा वर्षं काउंटरवर उभा आहे, आणि तुमचा शेवटचा पॅरा वाचून लगेच लिहायला बसलो. पुड्या फेकू नका आणि स्वतःच्या मनाने अचानक बंदही करू नका. काढा मात्र आत्तापासून बंद. आणि आज संध्याकाळपर्यंत आईंना, सगळे रिपोर्ट आणि त्या पुड्या घेऊन डॉक्टरांसमोर बसा, उद्यावर टाकू नका.

का ते सांगतो. दहा वर्षांची गुडघेदुखी तीन दिवसांत जाणं, चेहरा गोल होणं, कातडी पातळ होऊन डाग पडणं, शुगर एकदम वर जाणं, हे सगळं एकत्र आलं की माझ्या डोक्यात पहिला शब्द येतो स्टेरॉइड. डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन. कुटलेल्या पावडरीत मिसळलं की ना चव कळत ना रंग, आणि बऱ्याचदा सोबतीला डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकही टाकलेली असते. नुसतं बघून मी खात्रीने सांगू शकत नाही, तपासणीशिवाय कोणीच सांगू शकत नाही, पण ही भेसळ सांधेदुखी, दमा, एक्झिमा यांच्या बेनामी औषधांत जगभर पुन्हा पुन्हा सापडलीये. पेशंटला फरक पडतो तो त्याचाच, आणि श्रेय जातं जडीबुटीला.

आता बंद का करायचं नाही. आपल्या किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल नावाचं शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात, त्यावर आपलं बीपी, शुगर, आजारपणात तग धरण्याची ताकद हे सगळं चालतं. बाहेरून स्टेरॉइड तीन-चार आठवड्यांच्या वर येत राहिलं की या ग्रंथी काम सोडून झोपी जातात, आणि तुमच्याकडे तर आठ महिने झालेत. अशात पुडी एकदम बंद केली तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही, बीपी कोसळतं, उलट्या, ग्लानी, आणि वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर जीवही जाऊ शकतो. पुड्या संपल्यावर तिसऱ्या दिवशी जे झालं ते हेच असण्याची शक्यता खूप आहे. डॉक्टर अशा वेळी मोजून-मापून स्टेरॉइडची गोळी देतात आणि ती काही आठवडे, कधी काही महिने हळूहळू उतरवत नेतात.

लिव्हरचं म्हणाल तर गुळवेल हे एक कारण असू शकतं, पुडीतलं लपलेलं डायक्लोफेनॅक हे दुसरं, आणि तिसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. अंगात जुना हिपॅटायटिस बी दबून बसलेला असेल तर स्टेरॉइडमुळे तो परत उसळतो. म्हणून डॉक्टरांना हिपॅटायटिसच्या टेस्ट आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ती आयएनआर टेस्ट आवर्जून विचारा. आणि आई असंबद्ध बोलायला लागल्या, दिवसा झोपून रात्री जाग्या राहायला लागल्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, किंवा उलट्या थांबेनात, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत.

मोगरीकळी:

ताई, मी यातून गेलेय म्हणून सांगते, होऊ शकतं. माझं वय तेव्हा ३४, दारू नाही, कावीळ कधी नाही, काही नाही. झोप लागत नाही म्हणून अश्वगंधाच्या कॅप्सूल सुरू केल्या, चांगल्या बाटलीतल्या, लेबल वगैरे सगळं व्यवस्थित. पाच-सहा आठवड्यांनी खाज सुरू झाली. अंगावर पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज, ती पण तळहात-तळपायांना जास्त. रात्री दोन-दोन वाजता उठून मी बाथरूमच्या गार फरशीवर तळपाय घासत बसायचे, तेवढंच बरं वाटायचं. मला वाटलं साबण बदलल्यामुळे असेल. मग लघवी गडद पिवळी, चहासारखी, आणि एका सकाळी नवऱ्याने उजेडात नेऊन डोळे बघितले तर पिवळे.

डॉक्टरांनी औषधं विचारली तर मीही नाहीच म्हटलं होतं, तुमच्या सासूबाईंसारखंच, आणि मी खोटं बोलत नव्हते, मला खरंच ते औषध वाटत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी वेगळ्या शब्दांत विचारलं, चूर्ण, काढा, अर्क, कॅप्सूल, वजनासाठी, केसांसाठी, झोपेसाठी, गेल्या सहा महिन्यांत तोंडात काय काय घातलंत सगळं सांगा. तेव्हा बाटली आठवली. बंद केल्यावर पूर्ण नॉर्मल व्हायला साडेतीन महिने लागले. नंतर कळलं की अश्वगंधामुळे अशी खाज आणि कावीळ झाल्याच्या केसेस बऱ्याच देशांत नोंदल्या गेल्यायत आणि डेन्मार्कने तर २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदीच घातली.

आईंवर रागावू नका एवढंच सांगेन. मला तेव्हा घरचे बोलले होते, कशाला घेत बसलीस म्हणून, आणि त्याने मी पुढच्या वेळी काही सांगायचीच बंद झाले होते.

जुनं_खोड:

सर्वांचे अनुभव वाचले, त्याबद्दल सहानुभूती आहे. पण एक मुद्दा मांडतो. भेसळ करणारा माणूस गुन्हेगार आहे, त्यात वनस्पतीचा काय दोष? स्टेरॉइड कोणाचं, मॉडर्न मेडिसिनचंच ना. माझ्या आईने नव्वदीपर्यंत काढे-चूर्णांवरच दिवस काढले, कधी दवाखाना बघितला नाही. हजारो वर्षं लोक ही औषधं घेतायत, घातक असती तर आत्तापर्यंत कळलं नसतं का? गुळवेलीसारख्या अमृतवल्लीला लिव्हर खराब करणारी म्हणणं मला पटत नाही. एखाद्याला त्रास झाला म्हणून हजारो वर्षांचं ज्ञान मोडीत काढू नये असं मनापासून वाटतं.

पिंपळपान:

मी बीएएमएस आहे, प्रॅक्टिस करते, म्हणून काकांना मीच उत्तर देते. माझ्याच शास्त्राबद्दल आहे आणि ते मला प्रिय आहे, त्यामुळेच हे गप्प राहून चालणार नाही.

काका, भेसळीचा दोष वनस्पतीचा नाही हे शंभर टक्के मान्य. पण "वनस्पती आहे म्हणजे निर्धोक" हे आयुर्वेद कुठेच म्हणत नाही. चरकसंहितेतच सांगितलंय की तीव्र विषसुद्धा नीट योजलं तर उत्तम औषध होतं आणि औषध चुकीचं वापरलं तर तेच तीव्र विष होतं. बचनाग शोधन, म्हणजे विषारीपणा उतरवणारी शुद्धी, केल्याशिवाय वापरायचा नाही, बिब्बा शोधन केल्याशिवाय द्यायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षांपासून घोकून घेतात ते उगाच नाही. बचनागातलं ॲकोनिटिन थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं, आधी जीभ-ओठ मुंग्या आल्यासारखे बधिर होतात आणि मग ठोका चुकायला लागतो, तासाभरात माणूस जाऊ शकतो. शोधन कच्चं राहिलं तर हे आजही घडतं.

आता "हजारो वर्षांत कळलं नसतं का" याचं उत्तर. जे लगेच घडतं ते कळतं. मूळ खाल्लं आणि तासाभरात उलट्या झाल्या तर ते मूळ विषारी हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं. पण औषध आज घेतलं आणि किडनी दोन वर्षांनी गेली, कॅन्सर पंधरा वर्षांनी झाला, तर दोन्हीचा संबंध घरातल्या माणसाला जोडताच येत नाही, आणि वैद्यालाही नाही. ॲरिस्टोलोकिया हे त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. ही वेल युरोपात, चीनमध्ये शतकानुशतकं औषध म्हणून वापरात होती, आपल्याकडचं ईश्वरमूळ त्याच कुळातलं. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया गेली, कारण दोघींची चिनी नावं जवळजवळ सारखी. शंभरावर बायकांच्या किडन्या गेल्या, कित्येकींना डायलिसिस, ट्रान्सप्लांट करावं लागलं आणि पुढे बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. १९९३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हे जगासमोर मांडलं. लक्षात घ्या काका, सगळ्या तरुण, धडधाकट बायका, एकाच क्लिनिकच्या, म्हणून संबंध दिसला. नाहीतर तो अजून किती वर्षं लपून राहिला असता कोण जाणे.

गुळवेलीबद्दल माझ्याही मनाला लागलं होतं. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेले सहा पेशंट मांडले तेव्हा आमच्याकडून उत्तर आलं की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली असणार. हे कधी कधी खरंही असतं, जंगलातून तोडून आणणारा दोन वेलींत फरक करेलच असं नाही. पण २०२२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांतले ४३ पेशंट एकत्र मांडले गेले, त्यात पेशंटनी वापरलेल्या वेलींची ओळख तपासली होती आणि ती गुळवेलच निघाली. त्यातल्या बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्याची लक्षणं होती. गुळवेल प्रतिकारशक्ती चाळवते, हाच तिचा गुण, आणि ज्याला आधीच थायरॉइडचा किंवा तसला ऑटोइम्यून आजार आहे त्याला तोच गुण महागात पडू शकतो. कोविडच्या काळात लोकांनी महिनोन्‌महिने, रोज, कोणालाही न विचारता काढे घेतले. प्रकृती, मात्रा, काळ बघितल्याशिवाय द्यायचं नाही हे आमचं मूळ तत्त्वच त्यात गुंडाळून ठेवलं गेलं.

आणि धातूंचं पण बोलून टाकते. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली, पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. रसौषधींत, म्हणजे पारा आणि भस्मं घालून बनवलेल्या औषधांत, धातू असतातच, पण ज्या औषधांत धातू घालायचेच नसतात अशांतही सहातल्या एकात सापडले. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, पोटात कळा, बद्धकोष्ठता, हिमोग्लोबिन खाली, सगळ्या तपासण्या करून थकल्या होत्या. पाच महिने कुठल्याशा शक्तिवर्धक गोळ्या घेत होत्या, नाव नसलेल्या. रक्तातलं शिसं तपासायला लावलं तेव्हा उलगडा झाला.

अबोली_पुन्हा:

माझा प्रश्न याच धाग्यात विचारू का? बाबा रक्त पातळ होण्याची गोळी घेतात, वॉरफेरिन. आणि कोणीतरी सांगितलं म्हणून हळदीच्या कॅप्सूल आणि ज्येष्ठमधाची पावडर सुरू केलीये. घरगुतीच तर आहे म्हणून आम्ही काही बोललो नव्हतो, आता भीती वाटतेय.

शाईदौत:

अबोलीताई, दोन्ही थांबवा आणि आयएनआर करून घ्या, आणि डॉक्टरांना दोन्ही नावं सांगा. भाजीत पडते ती हळद आणि कॅप्सूलमधली हळद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅप्सूलमध्ये अर्क असतो आणि बहुतेकांत काळ्या मिरीतलं पिपरीन घालतात, कारण हळदीतलं करक्युमिन एरवी रक्तात फारसं शोषलंच जात नाही. पिपरीनने ते कित्येक पटींनी वाढतं, आणि ते फक्त करक्युमिनलाच आत ढकलत नाही, बाकीच्या काही गोळ्यांची रक्तातली पातळीही वाढवू शकतं. वॉरफेरिनसारख्या, पातळी जरा वर-खाली झाली तरी घोटाळा करणाऱ्या गोळीला तेवढं पुरतं. हळदीच्या अशा कॅप्सूलमुळे लिव्हरला सूज आल्याच्या केसेसही आहेत.

ज्येष्ठमधाची गंमत नाही हं, लोक ते गोड म्हणून चघळत राहतात. त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, पाय गळाल्यासारखे होतात, पायांत गोळे येतात, पोटॅशियम फार खाली गेलं तर ठोका बिघडतो. लघवी जास्त होण्याची गोळी आधीच चालू असेल तर अजून लवकर. घशासाठी चार दिवस घेतलं तर बहुतेकांना काही होत नाही, महिनोन्‌महिने चमचा-चमचा घेतलं की होतं.

उलटा प्रकारही असतो, वनस्पतीमुळे मुख्य औषधाचा जोरच जातो. सेंट जॉन्स वर्ट नावाची एक वनस्पती पाश्चात्त्य देशांत उदासीसाठी घेतात, ती लिव्हरमधली औषध पचवणारी यंत्रणा इतकी वेगात आणते की बाकीच्या गोळ्या काम करायच्या आधीच संपतात. हार्ट ट्रान्सप्लांट झालेल्या दोन पेशंटांच्या शरीराने यामुळेच नवं हृदय नाकारायला सुरुवात केल्याचं २००० मध्ये प्रसिद्ध झालंय. ऑपरेशन ठरलं असेल तर असली सगळी पूरक औषधं सर्जनला आधीच सांगायची ती याचसाठी, बहुतेक जण दोन आठवडे आधी बंद करायला लावतात.

जुनं_खोड:

पिंपळपान ताई, उत्तर नीट वाचलं, दोनदा वाचलं. जे लगेच घडतं तेच लक्षात राहतं हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. माझी पत्नी थायरॉइडची पेशंट आहे आणि आम्ही दोघं दोन वर्षांपासून गुळवेल घेतोय. तिची लिव्हरची टेस्ट करून घेतो या आठवड्यात.

पिंपळपान:

करून घ्या काका, आणि तोपर्यंत त्यांची गुळवेल थांबवा. रिपोर्ट नॉर्मल आला तरी पुन्हा सुरू करण्याआधी विचारा.

कोवळं_ऊन:

पाच दिवसांनी लिहितेय, माफ करा, हॉस्पिटलमध्येच होते. शाईदौत दादा, तुमचं वाचून त्याच संध्याकाळी गेलो. तुमचा मेसेज नसता तर मी सकाळीच पुड्या टाकून दिल्या असत्या, पिशवी हातात घेतलीच होती.

डॉक्टरांनी पुडी उघडून बघितली आणि लगेच ॲडमिट करून घेतलं. सकाळचं कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, आयएनआर थोडा वाढलेला. पुडी बंद करून मोजून स्टेरॉइडची गोळी सुरू केलीये, ती कमी करत न्यायला तीन-चार महिने तरी लागतील म्हणाले, आणि मध्ये ताप, उलट्या, पडणं-झडणं काहीही झालं तर डोस वाढवावा लागतो म्हणून एक कार्ड लिहून दिलंय, ते पर्समध्ये ठेवायचं. शुगरसाठी सध्या इन्सुलिन. एसजीपीटी आज २६८, उतरतंय. काढा की पुडी, नेमकं कशाने लिव्हर बिघडलं ते आत्ताच सांगता येणार नाही म्हणाले.

मोगरीकळी, तुमचं ऐकलं, अजिबात बोलले नाही त्यांना. पहिल्या रात्री त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, मला वाटलं झोपल्या, तर म्हणाल्या, "गुडघे परत धरणार ना गं आता?" मी काय बोलणार, हो म्हटलं, धरतील थोडे, पण त्यासाठी वेगळे डॉक्टर बघू, व्यायाम शिकू. मग बराच वेळ माझा हात धरून होत्या. त्यांनी पुडी घेतली ती हौसेने नाही घेतली, दहा वर्षं दुखत होतं आणि आम्ही सगळे "वय झालं, चालायचंच" म्हणत होतो.

आज सकाळी त्यांनी स्वतःहून सांगितलं की मैत्रिणींपैकी अजून तिघी हीच पुडी घेतायत, एक तर दीड वर्षापासून. आज संध्याकाळी त्या तिघींना फोन लावून बंद करा म्हणून सांगणार आहेत.

शाईदौत:

ताई, फार बरं वाटलं वाचून. पण फोन लावायच्या आधी आईंना एक सांगा, "बंद करा" असं म्हणू नका. दीड वर्ष घेणाऱ्या बाईंनी आज रात्री एकदम बंद केली तर तुमच्याकडे पुड्या संपल्यावर झालं तेच दोन-तीन दिवसांत तिथे होईल, आणि त्या घरात एकट्या असल्या तर कोणाला कळणारही नाही. "पुडी घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा, तोपर्यंत स्वतःच्या मनाने थांबवू नका" असं सांगायला लावा. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाशी तरी बोला. आणि चार-पाच पुड्या हवाबंद पाकिटात, तारीख घालून जपून ठेवा, डॉक्टरांना तपासणीला पाठवता येतील आणि औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायला लागतील.

कोवळं_ऊन:

बरं झालं सांगितलंत. आई फोन शोधतच होत्या, आत्ताच जाऊन सांगते.